बेळगावचा फडेप्पा आणि आमचा ऐंशी मीटर कमी पडलेला रस्ता

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या कुरुंदवाडात पहाटे साडेचार-पाचला बाहेर पडलात तर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, वाडीला दत्ताच्या काकड आरतीला निघालेली. आणि दुसरी, पळणारी पोरं. हातात मोबाईलचा टॉर्च, अंगात भरती अकॅडमीचा टी-शर्ट. यातली बहुतेक पोलीस नाहीतर आर्मीच्या भरतीची. मैदान म्हणून काही नाही, रस्ता हेच मैदान. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारातच निघतात. मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब. ट्रॅक्टरचा आवाज आला की पोरं चरीत उतरतात, तो गेला की वर येतात आणि परत पळायला लागतात.

आमच्या गल्लीतला एक पोरगा यांच्यातलाच. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. वडील दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला जातात. पोरगं दोन वर्षं पळत होतं. एक लाईटचा पोल ते पुढची मोरी, हे यांचं १६०० मीटर. कुणीतरी कधीतरी मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेलं आणि मग बॅचमागून बॅच तेच धरून चाललेलं. पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारलं की २० पैकी २० गुण. आमचा गडी या रस्त्यावर ५ मिनिटं ४ सेकंदांत यायचा. रोज. घरच्यांनी वर्दी शिवायचीच बाकी ठेवली होती.

प्रत्यक्ष भरतीत त्याला ५ मिनिटं २० सेकंद लागले. गुण कमी पडले आणि यादीत नाव आलं नाही. चार दिवस घराबाहेर पडला नाही. लोक म्हणाले, घाबरला असंल, रात्री झोपला नसंल, बूट नवीन होते.

माझं बांधकाम साहित्याचं छोटं दुकान आहे. दुकानात तीस मीटरची टेप असते. एका रविवारी मी, तो आणि त्याचे दोन मित्र असे त्या पोलपासून मोरीपर्यंत टेप टाकत गेलो. पन्नास वेळा टेप पडली आणि वर वीस मीटर. म्हणजे १५२० मीटर. रस्ता ऐंशी मीटर कमी होता. हिशोब करा. ज्या वेगानं तो १५२० मीटर ३०४ सेकंदांत यायचा, त्याच वेगानं १६०० मीटरला बरोबर ३२० सेकंद लागतात. म्हणजे ५ मिनिटं २० सेकंद. पोरगा ना घाबरला होता, ना कमी पडला होता. तो मोरीवर बसला आणि म्हणाला, "काका, मी पळालोय तेवढंच की वं. रस्ताच खोटा निघाला."

हे वाक्य डोक्यातून जाईना. आणि त्यावरून मला आठवला फडेप्पा चौगुले.

हे नाव किती जणांनी ऐकलंय? मी शाळेत असताना मला कुणी सांगितलं नव्हतं. खाशाबा जाधव आम्हाला पाठ, आणि ते बरोबरच आहे. पण खाशाबांच्या पदकाच्या आधी ३२ वर्षं, १९२० साली, बेळगावचा एक पोरगा ऑलिंपिकची मॅरेथॉन पळून आला होता. फडेप्पा दरप्पा चौगुले. आता हे नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघा. फडेप्पा, दरप्पा, अण्णाप्पा. आमच्या शिरोळ तालुक्यात अशा नावांचे आजोबा गल्लोगल्ली सापडतील. मराठी की कानडी, असा प्रश्न या नावाला विचारता येत नाही. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, कुरुंदवाड पटवर्धनांचं संस्थान होतं, कोल्हापुरात शाहू महाराज होते. आजच्या दोन राज्यांची रेघ तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

आता गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना सुरू झाला. सर दोराबजी टाटा, म्हणजे जमशेटजींचे थोरले चिरंजीव, हे जिमखान्याचे अध्यक्ष. त्यांचं तरुणपणीचं शिक्षण इंग्लंडात झालं होतं, तिथले खेळ त्यांनी जवळून पाहिले होते. १९१९ साली जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या, तिथं त्यांनी जे पाहिलं ते पुढे त्यांनीच ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवलं. पळणारे बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातले, अनवाणी. नियमांची माहिती नाही, शिकवणारा नाही. आणि तरीही काहींच्या वेळा युरोप-अमेरिकेतल्या चांगल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्यापुढे टाटांनी विषय काढला की, ही पोरं ऑलिंपिकला पाठवायची का?

इथं एक गोष्ट नीट बघा. अनवाणी पळणारी शेतकऱ्याची पोरं त्याआधीही हजारो होती. जत्रेत पळत होती, पैजा मारून पळत होती, टपालाची थैली खांद्यावर घेऊन पळत होती. फरक इतकाच पडला की त्या दिवशी मैदानावर वेळ लावणारं कुणीतरी होतं, आणि ती वेळ बघून तिची किंमत कळणारा एक माणूस शेजारी उभा होता.

बाकीच्यांना किंमत कळत होती असं समजू नका. त्या वेळच्या बैठकीचा एक किस्सा सांगितला जातो. ऑलिंपिकला जायचं तर १०० मीटरला किती वेळ लागला पाहिजे, असा प्रश्न निघाला. समितीतल्या एका सदस्यानं उत्तर दिलं, असेल एखाद-दोन मिनिटं. हा खेळ मिनिटांचा नाही, सेकंदांचा आणि सेकंदाच्या भागांचा आहे, हे सांगितल्यावर तो माणूस थक्क झाला म्हणे. हसू नका. आम्ही शंभर वर्षांनी १५२० मीटरला १६०० म्हणत होतो.

तर १९२० साली निवड झाली. पळणाऱ्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीला कुमार नवले आणि आपल्या कोल्हापूरचे रणधीर शिंदे. संघ म्हणजे काय, तर बोटांवर मोजावीत इतकी माणसं. खर्चाचा मोठा भार टाटांनी उचलला. बोटीनं प्रवास, लंडनमध्ये काही आठवडे सराव आणि मग बेल्जियममधलं अँटवर्प.

ते साल कसलं होतं बघा. मार्चमध्ये इथून जवळच्या माणगावात शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर यांची परिषद झाली. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली. घरी हे सगळं घडत होतं आणि आपली पोरं त्याच साम्राज्याच्या सावलीतल्या संघातून युरोपात पळायला गेली होती. ज्या बेल्जियमच्या मातीत सहा वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धात, हिंदी सैनिक इंग्रजांसाठी मरत होते, त्याच बेल्जियमच्या रस्त्यांवर.

मॅरेथॉन झाली २२ ऑगस्ट १९२० ला. हवा थंड, पावसाळी. आज मॅरेथॉन म्हटलं की ४२.१९५ किलोमीटर, पण ते अंतर कायमचं ठरलं १९२१ मध्ये. आणि ते आलं कुठून, तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून. विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोरपर्यंत, म्हणून ते असलं विचित्र अंतर. अँटवर्पला मात्र शर्यत होती ४२.७५ किलोमीटरची. ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅरेथॉन. आमच्या लोकांना अंदाज हवा असेल तर कुरुंदवाडातून इचलकरंजीमार्गे कोल्हापूर धरा, थोडंफार तेवढंच.

शर्यत जिंकली फिनलंडच्या हान्नेस कोलेहमायनेननं. वेळ २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. दुसरा एस्टोनियाचा युरी लोसमान, फक्त १२.८ सेकंद मागं. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

फडेप्पा चौगुले एकोणिसावा आला. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

"एकोणिसावा? मग त्यात काय?" असं कुणी म्हणायच्या आत थोडा हिशोब मांडतो. किलोमीटरला चार मिनिटांपेक्षा किंचित कमी, आणि तेही ओळीनं ४२.७५ किलोमीटर. तोच वेग आजच्या अंतराला लावला तर २ तास ४८ मिनिटांच्या आसपास येतो. आज मुंबई मॅरेथॉनला जाणाऱ्या आपल्या ओळखीच्या कुणालाही विचारा. महागडे बूट, मनगटावर घड्याळ, जेल, कोच असं सगळं असून तीन तासांच्या आत आलेला माणूस आयुष्यभर त्याची गोष्ट सांगतो. यानं ते १९२० साली, परक्या देशात, परक्या हवेत केलं.

आणि पुढचं ऐका. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे महादेव सिंग २९ वे आले, वेळ साडेतीन तासांच्या वर. १९५२ मध्ये हेलसिंकीला सुरतसिंग माथुर ५२ वे, वेळ २ तास ५८ मिनिटं. १९७६ मध्ये माँट्रियलला बिहारचे शिवनाथ सिंग ११ वे आले. फडेप्पाच्या एकोणिसाव्या क्रमांकाच्या पुढे जायला देशाला ५६ वर्षं लागली. आणि मग शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला जो २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला, तो चार दशकांहून जास्त काळ कुणाला मोडता आला नाही. म्हणजे आपल्याकडं एकेक माणूस निघतो, अंगच्या जोरावर जमेल तेवढं करून जातो, आणि त्याच्या मागं कुणी उभंच नसतं.

त्याच अँटवर्पला कोल्हापूरच्या रणधीर शिंद्यांनी काय केलं तेही सांगायला पाहिजे. फेदरवेट गटात ते ब्राँझपदकाच्या लढतीपर्यंत गेले आणि ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरून चौथे आले. खाशाबांच्या आधी ३२ वर्षं कोल्हापूरची माती पदकापासून एका कुस्तीवर होती.

आता थोडं राजकारण. ते टाळून ही गोष्ट पूर्ण होत नाही.

कोलेहमायनेन हा काही नवखा नव्हता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यानं तीन सुवर्णपदकं मिळवली होती. पण तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होतं, त्यामुळं तो जिंकल्यावर झेंडा चढला रशियाचा. तो झेंडा बघून, जिंकलो नसतो तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, असं सांगतात. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झालं. दुसऱ्या आलेल्या लोसमानचं एस्टोनियाही १९१८ मध्ये स्वतंत्र झालेलं. म्हणजे अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये पहिले दोघं कालपरवापर्यंत साम्राज्याखाली दबलेल्या देशांचे, आता स्वतःच्या नावानं पळणारे. आणि एकोणिसावा आमचा, अजून साम्राज्याखालीच. पुढं १९३६ मध्ये बर्लिनला मॅरेथॉन जिंकणारा सोन की-चुंग कोरियाचा होता, पण कोरिया जपानच्या ताब्यात, म्हणून त्याला जपानी नावानं आणि जपानच्या झेंड्याखाली पळावं लागलं. मॅरेथॉन हा खेळ असा आहे. अडीच-तीन तास माणूस एकटा असतो. पण शेवटी त्याच्या नावापुढं कोणता देश लिहायचा हे दुसरंच कुणीतरी ठरवतं.

आपल्याकडंही हा घोळ आहेच. भारताचा पहिला ऑलिंपिकपटू कोण, असं स्पर्धा परीक्षेत विचारतात आणि उत्तर असतं नॉर्मन प्रिचार्ड. १९०० साली पॅरिसला त्यानं २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा अशी दोन रौप्यपदकं घेतली. जन्म कोलकात्याचा, वंशानं इंग्रज, पुढं तो हॉलिवूडच्या मूकपटांत नट झाला. ऑलिंपिक समिती त्याची पदकं भारताच्या खात्यात मांडते, जागतिक ॲथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या खात्यात. मला त्या वादात पडायचं नाही. पदकं त्यानं मिळवलीत, मान त्याचा त्याला. पण आमच्या पोरांना भरतीच्या पुस्तकात प्रिचार्ड पाठ असतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा फडेप्पा माहीतच नसतो, हे मला टोचतं. सीमाप्रश्नावर बोलताना आपण बेळगाव आमचं म्हणून छाती ठोकतो. मग बेळगावचा हा माणूस आमचा का नाही? आणि ज्यांच्या नकाशात आज बेळगाव आहे, त्यांनाही हाच प्रश्न.

पण मला नुसतं नाव घ्या, पुतळा उभारा, चौकाला नाव द्या असलं काही म्हणायचं नाही. पुतळे खूप झाले. माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो त्या ऐंशी मीटरमध्ये आहे.

आपल्याकडं पाय कधीच कमी नव्हते. १९१९ मध्येही नव्हते, आजही नाहीत. सातारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येता येता २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, तिथं त्याच्या पळण्याकडं कुणाचं तरी लक्ष गेलं, आणि २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये त्यानं राष्ट्रकुलचं रौप्य आणलं. दोघंही दुष्काळी भागातली, साध्या घरातली. साबळे पळायला म्हणून सैन्यात गेला नव्हता, नोकरीला गेला होता. आमची पोरंही नोकरीलाच पळतात. १६०० मीटर झाले की थांबतात, कारण गुण तिथं संपतात. त्यातला एखादा दहा किलोमीटर कसा पळेल, हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. कारण ते कुणी मोजलेलंच नाही.

आणि हे आमच्या गावाला जमणार नाही असं कुणी सांगू नये. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची तीन ब्राँझ एकट्या कुरुंदवाडच्या पोरांनी आणली. गणेश माळी, ओंकार ओतारी, चंद्रकांत माळी. एवढ्याशा गावातून तीन पदकं! ती आभाळातून पडली का? नाही. गावात व्यायामशाळा होती, शिकवणारा होता, बार होता, आणि बारवरच्या प्लेटवर किती किलो ते खरं लिहिलेलं होतं. आज ८० उचलले तर उद्या ८२ उचलायचे, हे पोराला दिसत होतं. पळणाऱ्या पोरांना तेवढंही मिळत नाही. त्यांची प्लेटच खोटी आहे.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. मला सिंथेटिक ट्रॅक नको. तो मागितला की प्रस्ताव, निधी, उद्घाटन आणि पुढच्या महापुरात वाहून गेलेले पैसे, हे सगळं आपण पाहिलंय. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मला हवाय मुरमाचा, ४०० मीटरचा, चुन्यानं आखलेला एक ट्रॅक. ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि ३६.५० मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं. आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजलं की बरोबर ४०० भरतात. एका लेनपुरती जागा १६० बाय ७६ मीटर, म्हणजे तीन एकर. चार फेऱ्या मारल्या की १६०० मीटर. तिथं ट्रॅक्टर येत नाही. पुरात गेला तर पाणी उतरल्यावर परत आखू, चुन्याच्या पोत्याला कितीसे पैसे लागतात? टेप माझ्याकडं आहे, खुंट्याही देतो. कमी आहे ती फक्त जागा. गावात कुणाची, कोणत्या संस्थेची, सरकारी, गायरानाची अशी तीन एकर उंचावरची जागा वर्षातले सहा महिने मिळत असेल तर कळवा. ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांनी ही पोस्ट वाचली तर उत्तमच.

तोवर एक काम आम्ही करून टाकलंय. त्या रविवारी मोरीच्या पुढं ऐंशी मीटर मोजून रस्त्याच्या कडेच्या दगडावर पांढरा पट्टा मारला आणि खाली लिहिलं, १६००. आता पोरं तिथवर पळतात. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या वेळा पंधरा-वीस सेकंदांनी वाढल्या, काही जणांची तोंडं उतरली. आमचा गडी मात्र परत आलाय. गेल्या आठवड्यात त्या खऱ्या पट्ट्यापर्यंत ५ मिनिटं १३ सेकंद. तीन सेकंद राहिलेत.

परवा त्याला फडेप्पाची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, त्यांचं अंतर मात्र बरोबर मोजलेलं हुतं न्हवं?"

म्हटलं, होय रे बाबा. म्हणून तर शंभर वर्षांनी तुला सांगता आलं.